आप्पांची अर्धी वारी

आमच्या आप्पांनी पंढरपूरची वारी पुरी कधीच केली नाही. दर ज्येष्ठात मुक्ताईनगर गाठायचे, कोथळीच्या जुन्या मंदिरातून मुक्ताईची पालखी निघाली की टाळ घेऊन दिंडीत शिरायचे, मलकापूर, मोताळा करत राजूरचा घाट चढायचे आणि बुलढाण्याहून एसटीने घरी. दिंडीतली मंडळी त्यांना 'अर्धे वारकरी' म्हणत. तेही जरा वाढवूनच म्हणत, कारण बुलढाण्यापर्यंत वाटेचा पाव हिस्साही होत नाही. पुढे जालना, बीड, धाराशिव अशी महिनाभराची चाल बाकी असते.

परत का आलात असं विचारलं की आप्पा म्हणायचे, "तुनी माय घर एकटी शे." पेरणीही असायचीच. मृग लागलेला, कपाशीचं बियाणं घरात येऊन पडलेलं. पण पेरणी माणूस लावूनही उरकता येते. आईचे गुडघे धरल्यापासून सकाळचा चहा आप्पाच करायचे आणि तेवढ्या कामाला माणूस लावणं त्यांना पटत नसे.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. यंदा त्यांचा टाळ मी घेतला, घाटाच्या पुढे जायचं ठरवून.

आमचं गाव अमळनेरकडचं, म्हणजे अहिराणी मुलखातलं. मुक्ताईनगरकडची बोली वेगळी, पण दिंडीत सगळं मिसळून जातं. मलकापूरच्या रस्त्याला ट्रकची वर्दळ फार, त्यामुळे कडेने एकामागे एक चालावं लागतं आणि गप्पा पुढच्याच्या पाठीशी होतात. माझ्या पुढे शेजारच्या गावचे एक म्हातारे बाबा होते. टाळ बघून त्यांनी ओळखलं, आणि विहिरीची गोष्ट मला त्यांच्या पाठीकडूनच ऐकायला मिळाली.

2007 मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आप्पा आमच्या गावच्या समितीत होते, एवढं मला माहीत होतं. दोन भावांच्या सामाईक विहिरीचा तंटा त्यांनी मिटवला हेही ऐकून होतो. कसा मिटवला ते घरी कधी बोलले नाहीत. तर त्या भावांमध्ये पाणी आठ-आठ दिवस वाटलेलं. शेतीची लाइटही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दोन्ही आठवड्यालाच बदलणार, त्यामुळे धाकट्याच्या पाळीला कायम रात्र! कडाक्याच्या थंडीत, सापाकिरड्याच्या अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचं ते त्यानेच. तो म्हणे मोठ्याने मुद्दाम केलं. मोठा म्हणे वाटणी बापाने केली, मी काय करू? प्रकरण कुऱ्हाडीपर्यंत गेलेलं. आप्पा दोन दिवस त्या विहिरीवर जाऊन बसले, लाइटचं वेळापत्रक मागवून घेतलं आणि पाळी आठाऐवजी पाच दिवसांची केली. झालं. रात्र दोघांच्याही वाट्याला फिरून फिरून यायला लागली. मोटारीच्या खोलीच्या दारावर कोळशाने तारखा लिहून दिल्या, त्या अजून पुसट दिसतात म्हणे.

मला यात आप्पा पुरते सापडले. क्षमा करा, प्रेमाने राहा असं ते कुणाला सांगत नसत. भांडणात हिशेबाची चूक कुठे आहे ती शोधत. आणि भांडणाऱ्यांना चावडीवर बोलवायचे नाहीत, स्वतः चालत त्यांच्या घरी जायचे. "चावडीवर बोलावलेला माणूस भांडायच्या तयारीने येतो," ते म्हणत, "आपण त्याच्या ओट्यावर गेलो तर त्याला आधी पाणी द्यावं लागतं." तडजोड झाली की जेवण आमच्या घरी असे, बेत झणझणीत फौजदारी डाळीचा. आमच्या गावात आता एकच फौजदारी उरलीय, ती ताटातली डाळ, असं म्हणून स्वतःच हसायचे. ती डाळ खाऊन दुसऱ्यांना ठसका लागला की जास्त हसायचे.

लोक त्यांना शांत स्वभावाचे म्हणतात. आईला ते अजिबात मान्य नाही. तिच्या मते हा माणूस महातापट. फक्त राग आला की चपला घालून बाहेर पडायचा आणि मळ्यापर्यंत जाऊन यायचा. परत येईतो ऊन उतरलेलं, रागही. लहानपणी आम्हा भावंडांना बापाच्या रागाची खूण म्हणजे रिकामा ओटा, हे आता लक्षात येतं.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात ते पंढरपुरात उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं झालं, हे आप्पांच्या बोलण्यात दर वर्षी निघायचं. वर पुस्ती असे, "माले उपास जमत नही, चालनं जमस."

मोताळ्याकडच्या एका मुक्कामाला कीर्तनात ताटीच्या अभंगांचा विषय निघाला. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसलाय आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून, जग आग झालं तर संतांनी पाणी व्हावं, असं त्याला समजावतेय. म्हणजे मुळात घरातलंच प्रकरण. थोरल्या भावाला लहानीने सांगायचं, तेही दाराबाहेरून. कीर्तनकार ब्रह्म-मायेत शिरले तसं माझं लक्ष उडालं. मी त्या दाराशीच अडकलो होतो.

घाट चढून बुलढाण्यात आलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. आईला फोन केला. "आता एसटी बघशील ना?" असं तिनेच विचारलं. तिच्याजवळ बहीण येऊन राहिली होती, पेरणीही मार्गी लागली होती. नाही म्हणालो. ती म्हणाली, मग पायाला तेल लावत जा.

पुढची वाट मला नवी होती. बीडमध्ये पालखी मुक्ताईच्या आजोबांच्या, गोविंदपंतांच्या समाधीच्या भेटीला जाते. एवढ्या मोठ्या सोहळ्यातही नात आजोबांना भेटल्याशिवाय पुढे जात नाही, हे आप्पांना फार आवडलं असतं.

तिथेच आमच्या दिंडीत जुंपली. सामानाच्या ट्रकमध्ये कुणाची वळकटी कुणाच्या वळकटीवर ठेवली एवढंच निमित्त, पण पावसाने खालची भिजली आणि दोन पिकल्या केसांचे वारकरी एकमेकांच्या आयांपर्यंत पोचले. विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या तोंडातून काय काय निघू शकतं ते तेव्हा कळलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू टाळाबरोबर ते कामही माझ्याकडे आलेलं. मला काही हिशेब सुचेना. शेवटी ट्रकमध्ये खाली ताडपत्री अंथरून घेतली आणि दोघांच्या मधे चालत राहिलो. एक डावीकडून कुरकुरायचा, दुसरा उजवीकडून.

चौसाळ्याच्या पुढे एकाने दुसऱ्याकडे चुना मागितला, तोही माझ्यामार्फत. पंढरपुरात दर्शन झाल्यावर दोघे प्रसादाचे चुरमुरे घ्यायला एकाच दुकानात शिरले आणि भावावरून दुकानदाराशी मिळून भांडले. मी बाहेर चपला सांभाळत उभा होतो.