छातीभर पाण्यातला वर्ग

"म्हणजे तू तिकडे पोरांना पोहायला शिकवतेस?" कराडच्या आत्याचा हा प्रश्न दर दिवाळीच्या फोनवर ठरलेला. मी हल्ली "हो" म्हणून मोकळी होते. खरं तर माझ्या वर्गात दर वर्षी पोहता न येणारे काही जण असतातच आणि माझ्या विषयासाठी पोहता यावंच लागतं असंही नाही. उत्तर लंडनच्या एका विद्यापीठात मी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना पाण्यातला व्यायाम शिकवते. पेशंटला पाण्यात कसं उतरवायचं, कुठे धरायचं, कधी सोडायचं आणि कुणाला मुळात उतरवायचंच नाही, हे सगळं त्यात आलं.

आमचा वर्ग भरतो एका हॉस्पिटलच्या हायड्रोथेरपी पूलमध्ये, संध्याकाळी पेशंट गेल्यावर. आपल्याकडच्या स्विमिंग टँकसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. खोली छोटी, हवा दमट, चष्मा दारातच धुरकट होतो. पाणी ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाला ना गार लागतं ना गरम. काठाला खुर्चीचा पाळणा, चालता न येणाऱ्याला बसवून खाली सोडायला. भिंतीवर मदतीची लाल दोरी. पहिल्या तासाला मुलं उत्साहाने पोहण्याचे कपडे घालून येतात आणि मी त्यांना बराच वेळ कोरड्यातच ठेवते. आधी बेशुद्ध माणसाला पाण्यातून बाहेर काढायची तालीम. नाक-तोंड पाण्याबाहेर, मग लाल दोरी, मग फळी, मग बाकीचं सगळं. हे हातात बसल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

मग वजनकाटा. पाण्यात चालणारा एक काटा आहे आमच्याकडे, तो तळाशी ठेवायचा आणि एकेकाने त्यावर उभं राहायचं. कमरेच्या हाडांपर्यंत पाणी असेल तर पायांवर वजनाचा साधारण निम्मा भार उरतो. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत पाणी आलं की पुरुषांत सुमारे ३५ टक्के, बायकांत २८ टक्के. मानेपर्यंत गेलं की जेमतेम दहावा हिस्सा. हे आकडे पुस्तकात असतात, परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. पण सत्तर किलोचा मुलगा छातीभर पाण्यात काट्यावर चोवीस-पंचवीस किलोचा होतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या बाईला "पायावर अर्धाच भार द्या" असं जमिनीवर सांगणं किती अवघड! पाण्यात फक्त तिला कुठे उभं करायचं ते ठरवायचं असतं.

अर्थात हे उभं असतानाचं गणित. भरभर चालायला लागलं की भार वाढतो. आणि माझ्या विषयाचा गाभा इथेच आहे, तो म्हणजे वेग. जमिनीवर व्यायाम अवघड करायचा तर डंबेल बदलायचं. पाण्यात वेग बदलायचा. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो. खांद्याचा स्नायू शिवलेल्या पेशंटने हात सावकाश वर आणला तर पाणीच तो उचलतं, स्नायूला फारसं काम पडत नाही. तोच हात जोरात नेला की फायदा संपतो आणि ताज्या टाक्यांवर ताण येतो. कोन तोच, आवर्तनं तितकीच, कागदावर व्यायामही तोच. विशी-एकविशीच्या पोरांना "हळू" हा शब्द पटवणं मला सगळ्यात जड जातं. त्यांना काहीतरी करून दाखवायचं असतं.

गंमत म्हणजे उत्तम पोहणारेच इथे जास्त अडखळतात. पाण्यावर ताबा मिळवायची त्यांना इतकी सवय असते की पाण्याला काम करू देणं जमतच नाही. आणि ज्याला पाण्याची भीतीच माहीत नाही, त्याला काठाचा दांडा न सोडणारी सत्तरीची बाई कशी कळणार? म्हणून मी आधी त्यांनाच पेशंट करते. उताणं झोपायचं, कान पाण्यात, डोळे मिटलेले, आणि मानेखाली जोडीदाराचा फक्त तळहात. मग जोडीदाराला सांगते, आता न सांगता एक पाऊल मागे सर. भलेभले दचकतात, हात मारतात, नाकातोंडात पाणी जातं. पुढच्या वेळी ते पेशंटशी आधी बोलतात.

त्याच अवस्थेत एक हात पाण्याबाहेर काढायला लावते. हाताला मिळणारा पाण्याचा आधार गेला, तो जड झाला, की शरीर त्याच बाजूला कलंडतं. डोकं वळवलं तरी तसंच. पक्षाघाताचा पेशंट पाण्यात एका अंगावर का लोळतो, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या वर्गात एक रग्बी खेळणारा धिप्पाड मुलगा होता, सगळा स्नायूच. त्याचे पाय काही केल्या वर राहीनात. तरंगण्याचा तोल छातीपाशी, कारण तिथे हवा भरलेली फुप्फुसं, आणि वजनाचा तोल खाली ओटीपोटाशी. दोन्ही एका रेषेत येईपर्यंत शरीर फिरत राहणार. त्याला मी हात डोक्यामागे लांब करायला सांगितले, पाय हळूहळू वर आले. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

हे सगळं ज्या पद्धतीतून येतं ती याच शहराची. उत्तर लंडनच्या साउथगेट भागात हॅलिविक नावाची अपंग मुलींची शाळा होती. जेम्स मॅकमिलन हा द्रवांच्या गतिशास्त्रातला इंजिनिअर १९४९ मध्ये तिथल्या मुलींना पोहायला शिकवू लागला आणि त्यातून दहा टप्प्यांची हॅलिविक पद्धत उभी राहिली. पहिला टप्पा मनाची तयारी, म्हणजे पाण्याशी ओळख आणि श्वासावर ताबा. शिकणाऱ्याला तो पेशंट म्हणत नसे, 'स्विमर' म्हणे. आणि तरंगायला कसलीही साधनं नाहीत. फुगे नाहीत, रिंगा नाहीत, फक्त समोर एक माणूस. मी कृष्णेत पाठीला सुका भोपळा बांधून शिकलेली, त्यामुळे हे मला सुरुवातीला अंमळ कडक वाटलं. पण भोपळा तुम्हाला वर ठेवतो, तोल तुमच्या वतीने तोच सांभाळतो, आणि सुटला की सगळं पहिल्यापासून. मॅकमिलनचा मुद्दा बरोबर होता.

स्वित्झर्लंडमधल्या बाड रागाझ गावाच्या नावाची पद्धत याच्या अगदी उलट. तिथे मान, कंबर, घोटे यांना रिंगा घालून पेशंटला तरंगत ठेवतात आणि थेरपिस्ट त्याच्यासाठी हलता खांब बनतो. पेशंट त्याला रेटून किंवा त्याच्याकडे ओढून घेत स्नायू वापरतो. विद्यार्थी विचारतात, यातली खरी कुठली? तोल शिकवायचा असेल तर हॅलिविक, ताकद हवी असेल तर रिंगा, असं मी सांगते. थोडं ढोबळ आहे, पण पहिल्या वर्षी पुरतं.

पाण्याचा दाब मात्र कुणालाच दिसत नाही. मानेपर्यंत उतरलं की पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, साधारण ७०० मिली. हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलावं लागतं, छाती फुगवायला जोर लागतो आणि मूत्रपिंडाला वाटतं की शरीरात पाणी फार झालंय. वर्ग संपला की टॉयलेटबाहेर जी रांग लागते, तिच्याकडे बोट दाखवून मी हा धडा शिकवते. सगळे हसतात. मग विचारते, हेच ७०० मिली हृदय कमजोर असलेल्या आजोबांच्या छातीत गेले तर? तेव्हा कुणी हसत नाही.

घरच्यांना नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टींचं. इथे मुलं मला नावाने हाक मारतात, मॅडम वगैरे नाही. त्याची सवय झाली, पण विद्यार्थ्यांसमोर पहिल्यांदा स्विमिंग कॉस्च्यूममध्ये उभं राहताना माझ्या पोटात गोळा आला होता. त्यांना काहीच वाटलं नाही. अंगभर पोहण्याचे कपडे आणि डोक्यावर टोपी घालून येणाऱ्या मुस्लीम मुली असतात, काहींना फक्त मुलींचा गट हवा असतो, तो करता येतो. आणि प्रत्येक स्पर्शाआधी विचारायचं, जोडीदार वर्गमित्र असला तरी. पाण्यात पेशंटचं डोकं तुमच्या खांद्यावर येतं, एवढी जवळीक जमिनीवर क्वचितच असते. आमच्या कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा पेशंटने गप्प राहायचं आणि आपण हात लावायचा.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. कोमट पाणी ही भलतीच महागडी वस्तू. पाणी तापवा, हवा तापवा, क्लोरीन आणि पीएच दिवसातून अनेकदा तपासा, काठावर एक माणूस कायम उभा ठेवा. २०२२ मध्ये ऊर्जेचे दर भडकले तेव्हा अशा पूलांचं मरण ओढवलं. आपल्याकडचं दुखणं निराळं. माहितीपत्रकात निळाशार पूल झळकवणारी फिजिओथेरपीची कॉलेजं मी पाहिली आहेत. त्यातल्या एका ठिकाणी पूल भरलेला होता, पण त्यात उतरायला शिकवणारं कुणी नव्हतं. मला विचाराल तर आधी माणूस तयार करा, पूल नंतर.

ब्लॉग वाचून बऱ्याच जणी विचारतात, आईचे गुडघे दुखतात, जवळच्या टँकवर नेऊ का? नेता येईल, पण आधी डॉक्टरांना विचारा. हृदयाचा किंवा फिट्सचा त्रास, उघडी जखम किंवा ताप असेल तर नको. टँकचं पाणी आमच्या पूलपेक्षा बरंच गार असतं, त्यामुळे नुसतं उभं राहू देऊ नका, थंडी वाजली की बाहेर. छातीभर पाण्यात, काठाच्या दांड्याजवळ, पुढे-मागे आणि बाजूला सावकाश चालणं. सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ. गरम कुंडात व्यायाम करायला मात्र नेऊ नका, वज्रेश्वरीला गेलात तरी. तिथे दोन मिनिटं पाय बुडवून बसायला हरकत नाही. टँकमधून बाहेर येताना शिडीवर क्षणभर थांबवा, कारण वजन एकदम परत येतं आणि चक्कर येण्याचा धोका तेव्हाच जास्त. घरी गेल्यावर पाणी प्यायला द्या, तहान नसली तरी.