कापली गेलेली तारीख
आज सकाळी संकेतस्थळाच्या सामाईक स्टाइलशीटमध्ये, म्हणजे सर्व पानांचे रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, मी एकच ओळ बदलली: शीर्षकांची लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ वरून १.४ केली. पाने नीट चालतात का हे पाहणाऱ्या सर्व फंक्शनल चाचण्या उत्तीर्ण झाल्या, पण जुन्या-नव्या स्क्रीनशॉटची तुलना करताना ३७५ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर एका कार्डाच्या तळाशी फरक दाखवणारा लाल ठिपक्यांचा पट्टा उमटला. ठरावीक उंचीच्या त्या कार्डात दोन ओळींचे शीर्षक वाढले आणि त्याखालची अर्जाची अंतिम तारीख मधोमध कापली गेली. मजकूर डॉममध्ये (ब्राउझरने पानाची केलेली अंतर्गत मांडणी) शाबूत असल्याने चाचणीला तो दिसत होता; वाचणाऱ्या माणसाला मात्र दिसला नसता, आणि हीच गोष्ट मला दिवसभर अस्वस्थ करत राहिली.

दुपार खोट्या फरकांमध्ये गेली. तुलनेसाठीच्या मूळ प्रतिमा माझ्या मॅकवर घेतलेल्या होत्या आणि तुलना लिनक्स सर्व्हरवर होत होती, त्यामुळे अक्षरांच्या कडा वेगळ्या रेखाटल्या जाऊन जवळजवळ प्रत्येक पान नापास होत होते. प्लेराइट या चाचणीच्या साधनात रंगफरकाची मर्यादा मुळात ०.२ असते, ती वाढवण्याचा मोह मी टाळला, कारण त्याने फिकट झालेला मजकूरही नजरेतून निसटतो. त्याऐवजी सर्व मूळ प्रतिमा सर्व्हरवरच्याच कंटेनरमध्ये (चाचणीसाठीच्या बंदिस्त वातावरणात) नव्याने घेतल्या, अ‍ॅनिमेशन थांबवले आणि सतत बदलणारे घड्याळ झाकले.

नव्या प्रतिमा स्वीकारण्यापूर्वी मी प्रत्येक प्रतिमा स्वतः उघडून पाहिली. कार्डाची ठरावीक उंची काढून तिथे किमान उंची दिली, तेव्हा तारीख पूर्ण दिसली.