नेमणूक एकाची, शपथ आपली

माहुलीला आजोळी गेले की पहिल्या चहालाच मामांचा प्रश्न येतो. "तुमच्याकडे न्यायाधीश राष्ट्राध्यक्षच नेमतो ना गं? मग नेमणाऱ्याला नको असलेला निकाल द्यायची छाती कुणाची होणार?" मामा साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात तीस वर्षं बेलीफ होते आणि गाव रामशास्त्री प्रभुण्यांचं, त्यामुळे हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. मी अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात कोर्टात दुभाष्याचं काम करते, म्हणून पुण्याच्या मैत्रिणीही हेच विचारतात. दर वेळी उत्तर अर्धवट राहतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या, न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतो, सिनेट मंजूर करतं आणि ते नाव वरपर्यंत पोचायला राजकारण्यांचे हात लागतात. बातमीत न्यायाधीशाच्या नावाला नेमणाऱ्याचं नाव चिकटवतात, ते मला फार खटकतं. कारण एकदा माणूस त्या खुर्चीत बसला की ती जन्मभराची. पगार कमी करता येत नाही आणि काढायचं तर महाभियोगच चालवावा लागतो. (आमच्या राज्याच्या कोर्टांचे न्यायाधीश मात्र आजही विधिमंडळ निवडतं, तो मामला वेगळा.) या मोकळीकीचं काय करायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

एकानं ते कसं ठरवलं, ते मी मामांना सांगते. वेटीस वेअरिंग, आमच्याच राज्यातल्या चार्ल्सटन शहराच्या जुन्या घराण्यातला, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदलेला माणूस. 1938 साली त्यानं 'कॉटन एड' स्मिथ या सिनेटरचा चार्ल्सटनमधला प्रचार सांभाळला होता आणि गोऱ्यांचं वर्चस्व हेच त्या स्मिथचं राजकारण होतं. अशा गोतावळ्यातून वेअरिंगचं नाव पुढे आलं आणि 1942 मध्ये, रूझवेल्टच्या नेमणुकीवर, तो फेडरल न्यायाधीश झाला. मामांच्या हिशेबाप्रमाणे पक्का 'त्यांचा माणूस'.

फेब्रुवारी 1946. आयझॅक वुडर्ड हा काळा सार्जंट त्याच दिवशी सैन्यातून मोकळा होऊन, अंगावर गणवेश असतानाच, बसनं घरी निघाला होता. लघवीला थांबू का, असं त्यानं ड्रायव्हरला विचारलं, त्यावरून बाचाबाची झाली. बेट्सबर्ग गावात ड्रायव्हरनं पोलीस बोलावले. पोलीस प्रमुखानं त्याला इतकं मारलं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. वर दुसऱ्या दिवशी गावच्या कोर्टानं वुडर्डलाच दंड ठोठावला.

पोलीस प्रमुखावरचा फेडरल खटला नोव्हेंबरमध्ये वेअरिंगपुढे आला. दोषी की निर्दोष हे ठरवणारी सामान्य नागरिकांची ज्यूरी सगळी गोरी, सरकारी वकिलांची तयारी नावापुरती. ज्यूरी पाच मिनिटांत 'निर्दोष' म्हणून परत येईल, हे वेअरिंगनं ओळखलं आणि निदान थोडा वेळ तरी जावा म्हणून तो मुद्दाम बाहेर फिरायला गेला. अर्ध्या तासाच्या आत माणूस सुटला. वेअरिंगची बायको एलिझाबेथ कोर्टातून रडत बाहेर पडली.

त्या फेरफटक्यापाशी मी नेहमी अडते. साठी उलटलेला न्यायाधीश, कायद्यानं हात बांधलेले, आणि ज्यूरीला थोडी लाज वाटेल एवढा वेळ मिळावा म्हणून रस्त्यानं चालतोय. मला वाटतं, तो बदलला तो तिथेच.

पुढच्याच वर्षी त्यानं निकाल दिला की डेमोक्रॅटिक पक्ष स्वतःला खाजगी क्लब म्हणवून काळ्यांना पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतलं मत नाकारू शकत नाही. साउथ कॅरोलायनानं आता पुन्हा देशात यावं, असं त्यानं निकालपत्रातच लिहिलं. 1951 मध्ये क्लॅरंडन काउंटीच्या शाळांचा खटला आला. त्याची सुरुवात काळ्या मुलांना शाळेची बस हवी, एवढ्याशा मागणीतून झाली होती. तीन न्यायाधीशांत दोघे एका बाजूला आणि वेअरिंग एकटा. काळ्या मुलांना गोऱ्यांपासून वेगळं बसवणं हीच असमानता, असं त्यानं लिहिलं. 17 मे 1954 ला सुप्रीम कोर्टानं नऊ विरुद्ध शून्य असा तोच अर्थ लावला.

याची किंमत काय पडली? जुने मित्र घरी येईनासे झाले. धमकी म्हणून अंगणात क्रॉस जाळला गेला, घरावर विटा फेकल्या. विधिमंडळात त्याला काढण्याचे ठराव आले, पण त्याच्या खुर्चीला कुणी हात लावू शकलं नाही. 1952 मध्ये निवृत्त होऊन तो न्यूयॉर्कला गेला. हे ऐकलं की मामा मान डोलावतात, "आमच्या शास्त्र्यांनीही पुणं सोडलं होतं." राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्याचं हे गाव, त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

कोर्टात 'युअर ऑनर' हे शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारते. एकदा आपल्याकडच्या एक आजी साक्षीला होत्या. शपथ झाल्यावर मला हळूच म्हणाल्या, "यांना काय म्हणू गं?" दुभाष्याला खाजगी बोलता येत नाही, म्हणून तो प्रश्नही मी भर कोर्टात इंग्रजीत सांगितला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "घरी मान देताना जे म्हणता, तेच म्हणा." आजी त्यांना 'बाईसाहेब' म्हणाल्या आणि प्रत्येक वेळी मी त्याचं 'युअर ऑनर' केलं. त्या बाईंना कुणी नेमलं होतं, हे त्या आजींना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं जाईल एवढं हवं होतं, आणि ते ऐकलं गेलं.

चार्ल्सटनच्या ज्या फेडरल कोर्टाच्या इमारतीवर सिनेटर हॉलिंग्ज यांचं नाव होतं, ते त्यांनी स्वतःच विनंती करून उतरवलं आणि 2015 मध्ये तिथे वेअरिंगचं नाव लागलं. बागेत त्याचा पुतळाही आहे.

गेल्या खेपेला मामांनी सगळं ऐकून विचारलं, "आणि त्या शिपायाचं काय झालं?" वुडर्ड 1992 मध्ये गेला. ज्यानं त्याचे डोळे घेतले, त्याला शिक्षा झालीच नाही. बेट्सबर्गच्या कोर्टानं वुडर्डवरचा ठपका 2018 मध्ये पुसला. पुढच्या वर्षी गावात त्याच्या नावाचा फलक लागला. त्या फलकाच्या खालच्या भागात ब्रेल लिपीतला मजकूर आहे.