गाय पाणावत नाही

गेल्या महिन्यात एका ग्रामीण कथासंग्रहाची मुद्रिते तपासत असताना ‘वासराला पाहताच कपिली पाणावली’ असे वाक्य समोर आले आणि पेन्सिल तिथेच थांबली. पाणावतात ते डोळे. गाय पान्हावते. लेखक खेड्यातले, गुराढोरांत वाढलेले, म्हणजे चूक अज्ञानातून झालेली नव्हती. मग ती झाली कशी, याचा शोध घेता घेता त्या एका क्रियापदामागे मी बराच लांब गेलो.

‘पान्हावणे’ म्हणजे दूध देणे नव्हे. आजोळी माझी आजी पहाटे धार काढायला बसे, तेव्हा मी तिच्या मागे चरवी घेऊन उभा असे. कोमट पाण्याने कास धुऊन झाली की ती वासराला सोडे. वासरू कासेला दोन-तीन ढुशा देई, सड ओढू लागे, त्याच्या तोंडाला फेस येई, आणि तरीही आजी घाई करत नसे. मी चरवी पुढे केली की म्हणे, “थांब, आजून पान्हावली न्हाई.” मग एकाएकी सड टचटचीत होत, गाय डोळे अर्धवट मिटून स्वस्थ उभी राही, आणि आजी वासराला ओढून गाईच्या तोंडापाशी बांधून टाकी. पहिल्या धारेचा चरवीच्या बुडावर टणत्कार होई. फेस चढू लागला की तोच आवाज दबका होत जाई. वासराच्या ढुशा आणि हा टणत्कार यांच्यामध्ये गाईच्या अंगात जे घडते, ते पान्हावणे. कासेत साठलेले दूध सडांत उतरते, ते अजून बाहेर आलेले नसते.

शरीरशास्त्र हेच सांगते. गाईच्या कासेतले सुमारे ८० टक्के दूध बारीक दुग्धकोशांत अडकलेले असते आणि ते नुसते सड ओढून निघत नाही. वासराच्या स्पर्शाचा निरोप मेंदूपर्यंत गेला की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, मिनिटाभरात कासेपर्यंत पोहोचते आणि त्या कोशांना पिळून काढते. त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो, म्हणून पान्हावल्यानंतर धार काढण्यात दिरंगाई चालत नाही. म्हशीच्या सडांलगत आधीच उतरलेले दूध गाईपेक्षाही कमी असते, त्यामुळे म्हैस पान्हावायला जास्त वेळ घेते. जनावर बिथरले की हेच चक्र मध्येच अडते. त्यालाच आपण ‘पान्हा चोरला’ म्हणतो, जणू काही गाईने हिशेब करूनच दूध मागे ठेवले.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘स्नु’ या धातूत आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘प्रस्रवणे’, म्हणजे पाझरणे, असा दिला आहे. त्याला ‘प्र’ लागून ‘प्रस्नव’ झाला, प्राकृतात त्याचा ‘पण्हव’ झाला आणि मराठीत ‘पान्हा’. संस्कृत ‘स्न’ आणि ‘ष्ण’ यांचा प्राकृतात ‘ण्ह’ होतो, हा नियम बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नोंदवला आहे, आणि ‘स्न’साठी त्याने दिलेल्या उदाहरणांत ‘पण्हुओ’, म्हणजे ‘प्रस्नुत’, हा शब्द आहे. आपल्याच शब्दाचा इतका जुना नातेवाईक व्याकरणाच्या सूत्राखाली भेटला, याचा मला झालेला आनंद घरात कोणालाही समजावून सांगता आला नाही.

या नियमाचे गोत मराठीत मोठे आहे. ‘स्नान’वरून ‘न्हाण’ आणि ‘कृष्ण’वरून ‘कान्हा’ आला. ‘उष्ण’वरून ‘उण्ह’ आणि मग ‘ऊन’ झाले. इथे ‘ह’ गेलासा वाटतो, पण ‘उन्हात’ किंवा ‘उन्हाळा’ म्हणताच तो परत येतो. ‘तृष्णा’ची ‘तण्हा’ झाली आणि तिच्यातल्या ‘ण’ आणि ‘ह’ यांनी जागा बदलून ‘तहान’ केली. ‘स्नुषा’च्या ‘सुण्हे’तला ‘ह’ मात्र सून होताना कायमचा गेला.

आता लेखनाचा प्रश्न. ‘पाणी’त ‘ण’ का आणि ‘पान्हा’त ‘न’ का? ‘पानीय’मधला ‘न’ दोन स्वरांच्या मध्ये एकटा होता; प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि मराठीने तो तसाच ठेवला. जिथे प्राकृतात ‘ण’ जोडाक्षरात होता, तिथे मात्र मराठीने ‘न’ केला: कर्ण, कण्ण, कान, पर्ण, पण्ण, पान. ‘पण्हव’मधला ‘ण’ जोडाक्षरातला, म्हणून ‘पान्हा’. त्यामुळे पाणी आणि पान्हा यांचे, दोन्ही वाहत असले तरी, नाते नाही. एक ‘पा’ म्हणजे पिणे या धातूचे, दुसरा पाझरण्याचा. हा ‘न्ह’ उच्चारताना मागच्या अक्षरावर आघातही येत नाही. ‘चिन्ह’ आणि ‘पान्हा’ एकापाठोपाठ म्हणून पाहिले की फरक कानाला कळतो.

मला वाटते, लेखकाची चूक इथेच झाली. बोलीत ‘ह’ गळतो आणि ‘गाय पानवली’ किंवा ‘पानावली’ असे ऐकू येते. पण बोलीतच ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘लोणी’ला ‘लोनी’ म्हणतात, आणि शाळेत आपल्या प्रत्येक ‘न’ला हटकले गेले आहे, अशा माणसाचा हात ‘पानावली’ लिहिताना आपोआप ‘ण’कडे वळतो. अशुद्ध ठरण्याच्या भीतीने शुद्धलेखन बिघडते, ते असे. लेखकांना फोन केला तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो, मी आधी पानवलीच लिहिलं होतं. नंतर मीच सुधारलं.” (उलट्या दिशेची गंमतही आहे: नटबोल्ट आवळायच्या ‘पाना’ला अनेक जण ‘पान्हा’ लिहितात. त्या बिचाऱ्याला ‘ह’ची काहीच गरज नाही.)

राहिला काना. ‘पान्हावणे’ आणि ‘पान्हवणे’ अशी दोन्ही रूपे आढळतात. बोलण्यात त्यांची वाटणी काटेकोर नाही, तरी लिहिताना ती पाळावी असे माझे मत आहे. ‘सुखावणे’, ‘रागावणे’, ‘स्थिरावणे’ यांच्या पंगतीतले ‘पान्हावणे’ अकर्मक: गाय आपण होऊन पान्हावते. ‘पळवणे’, ‘हलवणे’ यांच्या धर्तीचे ‘पान्हवणे’ सकर्मक: वासरू लावून, कास चोळून, पुढ्यात पेंड ठेवून माणूस गाईला पान्हवतो. पाणिनीलाही हा धातू थोडा वेगळा हाताळावा लागला. ‘न दुहस्नुनमां यक्चिणौ’ या सूत्रात त्याने, कर्मच कर्ता होते तेव्हा एरवी लागणारे ‘यक्’ आणि ‘चिण्’ हे प्रत्यय नाकारून, ‘स्नु’साठी अपवाद केला, आणि ‘काशिका’ या पाणिनीवरच्या जुन्या टीकेने त्यावर उदाहरण दिले, ‘प्रस्नुते गौः स्वयमेव’: गाय स्वतःच पान्हावते. हा ‘स्वयमेव’ मराठी क्रियापदाच्या अकर्मक रूपात जसाच्या तसा उतरला आहे.

त्याच कथासंग्रहात पुढे एक दूधवाला रोज सकाळी म्हशीला इंजेक्शन टोचून दूध उतरवतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे, पण कथेतला माणूस ते सर्रास करतो. लेखकांनी लिहिले होते, ‘तो सुई टोचून म्हैस पान्हावतो.’ मी एक काना काढला, ‘म्हशीला’ केले आणि पान उलटले.