संध्याकाळ पाहून निवडलेली शहरं

नागपुरात कुणालाही सांगा की आम्ही युरोपला चाललो, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "स्वित्झर्लंड आहे नं त्यात?" नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आपल्याबद्दल काळजी दिसायला लागते. माझ्या चुलतसासूबाईंनी तर थेटच विचारलं, "काहून वं, पैसे कमी पडले काय?"

पैसे कमी होतेच, ते कोणाला पुरतात? पण कारण वेगळं होतं. लग्नानंतर दोघांनीच केलेला हा पहिला परदेश प्रवास, आणि आम्हा दोघांच्या आवडी जुळत नाहीत. मला चित्रं, जुन्या इमारती आणि उगाच भटकणं आवडतं. नवऱ्याला डोंगर आणि ट्राम-आगगाड्या. टूर कंपन्यांची पत्रकं आणून पाहिली. पहाटे उठा, बसमध्ये बसा, फोटो काढा, सातच्या आत भारतीय जेवण, मग शहराबाहेर हायवेलगतच्या हॉटेलात झोपा. माझे आईबाबा असेच गेले होते आणि खूश होऊन आले. त्यांच्या वयाला आणि पायांना ते बरोबरच होतं. पण आम्ही दोघं नागपुरात दिवसभर नोकरीच करतो. एकमेकांना भेटतो ते संध्याकाळी, फुटाळा तलावावर चक्कर मारताना. सहलीतही तीच वेळ शहराबाहेर झोपण्यात जाणार असेल, तर जाऊन करायचं काय?

म्हणून प्रत्येक शहराला आम्ही एकच प्रश्न लावला: संध्याकाळी सहानंतर तिथं काय करणार? बघण्यासारखं तर सगळीकडेच आहे.

या प्रश्नावर स्वित्झर्लंड आधी गळालं. युंगफ्राउयोखचं स्टेशन 3454 मीटरवर आहे, आगगाडीने तिथवर जायचं म्हणजे नवऱ्याचा जीव अडकलेला. दिवसा तिथं काय वाट्टेल ते पाहा. पण डोंगरातल्या त्या गावांमध्ये दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात आणि हॉटेलात दोघांच्या जेवणाचं बिल पाहून भूक जाते. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा उभा आहे, यावरून आपली माणसं तिकडं किती जातात ते समजून घ्या. आम्ही नाही गेलो तरी त्यांचं अडणार नव्हतं.

पॅरिस या परीक्षेत पहिल्या नंबराने पास. तरी काढलं, कारण पॅरिसला चार शहरांच्या पंगतीत बसवता येत नाही. एकटा लूव्र दोन दिवस मागतो. ऑर्सेचं संग्रहालय म्हणजे 1900 साली बांधलेलं रेल्वे स्टेशन, तिथं आम्हा दोघांचीही सोय झाली असती, खरं आहे. पण पॅरिसला जायचं तर फक्त पॅरिसला, असं माझं मत अजूनही आहे.

व्हेनिसवरून भांडण झालं. दिवसभराची गर्दी परतली की ते शहर राहणाऱ्यांचं होतं, हे मी पुष्कळ वाचलं होतं. पण बेटावर रात्र काढायचे दर आणि तिथून पुढच्या शहराला जाण्यात मोडणारा दिवस, यावर नवऱ्याने वहीत आकडे मांडले आणि मी गप्प बसले.

उरली ती एक रेघ: प्राग, चेस्की क्रुमलोव्ह, व्हिएन्ना, बुडापेस्ट. नकाशावर पाहा, एका दिशेनेच पुढे पुढे जाता येतं, मागे फिरावं लागत नाही. प्राग ते व्हिएन्ना सरळ आगगाडीने सुमारे चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास. विमानतळावर तीन तास आधी जाऊन बसायची भानगड नाही, स्टेशनं शहराच्या आत. तिकीटही तसंच काढलं: नागपूर-दोहा-प्राग जाणं आणि बुडापेस्ट-दोहा-नागपूर येणं. जिथं उतरलो तिथूनच परत फिरायचं, ही सवय आधी मोडा. परत येण्यात वाया जाणारा एक पूर्ण दिवस वाचतो.

व्हिसाचं गणितही या रेघेवर सोपं झालं. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आता 29 देश आहेत, पण अर्ज एकाच देशाकडे करायचा: जिथं सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे, आणि रात्री सारख्या असतील तर जिथं आधी पाय ठेवणार त्याच्याकडे. प्राग आणि क्रुमलोव्ह दोन्ही चेकमध्ये, त्यामुळे दोन्ही नियमांचं उत्तर एकच आलं. फी माणशी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला दुरांतोने मुंबईला जाऊन आलो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याच्या सुट्ट्या गाठायच्या असतील तर संक्रांतीलाच कागद गोळा करायला बसा.

मे महिना का, हे नागपूरकराला सांगायला नको. इकडं पारा पंचेचाळीसकडे चाललेला असतो आणि तिकडं जाकीट लागतं. शिवाय सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, म्हणजे संध्याकाळ दुप्पट.

प्रागमध्ये सगळे चार्ल्स पुलावर जातात. 1357 मध्ये चौथ्या कार्लने बांधायला घेतलेला दगडी पूल, दोन्ही बाजूंना तीस पुतळे, आणि दुपारी त्यावर बर्डीच्या बाजारासारखी रेटारेटी. आम्ही तो एकदा ओलांडला आणि पलीकडच्या लेत्ना टेकडीवर चढलो. वरच्या बागेत लांबलचक लाकडी बाकं, लोक ग्लास घेऊन बसलेले, कुत्री, पोरं, आणि खाली व्ल्टावा नदीवरचे पूल एकामागे एक रांगेत दिसतात. पुलावर उभं राहून पूल दिसत नाही, हे तिथं कळतं. आमच्या नागपुरातही शहराच्या मधून नदी जाते, नाग नदी, पण तिच्या काठाला संध्याकाळी फिरायला जा असं कुणी म्हणत नाही. म्हणून असेल, पण नदीकाठी नुसतं बसायला पैसे लागत नाहीत याचंच आम्हाला अप्रूप.

नवरा शाकाहारी आहे. चेकमध्ये त्याचे हाल होतील असं सगळे म्हणाले होते. तिथं चीजची जाड वडी पावाच्या चुऱ्यात घोळून तळून देतात, बटाट्यासोबत. त्यावर तो सुखाने जगला.

क्रुमलोव्ह कुणाच्याच यादीत नव्हतं, ते मी घुसवलं. प्रागहून बसने सुमारे तीन तास. तीच व्ल्टावा इथं गावाभोवती वळसा घेते, वर किल्ला, 1992 पासून जागतिक वारसा यादीत. बहुतेक लोक सकाळी येऊन दुपारी परत जातात. ते जाऊ द्यायचे आणि आपण मुक्काम करायचा, एवढीच युक्ती. पाच-साडेपाचला पर्यटकांच्या बसा निघाल्या आणि गल्ल्यांत आमच्याच चपलांचा आवाज यायला लागला. व्हेनिसचं माझं जे स्वप्न होतं ते मला इथं निम्म्या पैशात मिळालं, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "लिहून दे, घरी गेल्यावर पलटशील."

व्हिएन्नाबद्दल एक आधीच सांगते: डॅन्यूब पाहायला म्हणून जाऊ नका. मुख्य नदी शहराच्या गाभ्यापासून दूर आहे, जवळून जातो तो तिचा कालवा. शोनब्रुन राजवाड्यात 1441 खोल्या आहेत, लोकांना मोजक्याच दाखवतात आणि तेवढ्याही पुरे होतात. तिथली खरी गंमत कॉफीघरांत. कॉफीसोबत पाण्याचा छोटा ग्लास येतो आणि मग तासभर बसा, दोन तास बसा, वेटर बिल घेऊन डोक्यावर उभा राहत नाही. रविवारी मात्र किराणा दुकानं बंद, शनिवारीच दूध-फळं घेऊन ठेवा.

आणि ऑपेरा. बसायच्या तिकिटाचे दर ऐकून मी आशा सोडली होती. पण स्टेट ऑपेरात उभं राहून पाहायची तिकिटं त्याच दिवशी विकतात, बसण्याच्या मानाने फारच स्वस्त. आत गेलं की समोरच्या कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा, की ती जागा तुमची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी ओढणी बांधली. शेजारच्या आजोबांनी माझी गाठ सैल आहे म्हणून पुन्हा घट्ट बांधून दिली. मध्यंतरापर्यंत पाय भरून आले, पण नवरा, ज्याला गाण्यातलं काही कळत नाही, तो नंतर उरलेला अर्धा भाग पाहायला आधी आत जाऊन उभा राहिला.

बुडापेस्टला पोहोचलो तेव्हा नवऱ्याची पाळी होती. इथं डॅन्यूबच्या एका काठाला बुडा आणि दुसऱ्याला पेस्ट. पेस्टच्या बाजूने नदीकाठी दोन नंबरची ट्राम धावते. तिच्यात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बसला, उतरला, परत बसला. इथल्या भुयारी रेल्वेची पहिली मार्गिका 1896 ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी, पिवळे लहान डबे. शहरं जोडणारा साखळी पूल 1849 चा, आणि बुडा, ओबुडा व पेस्ट कागदोपत्री एक झाले ते 1873 मध्ये. अंधार पडल्यावर संसदेची इमारत उजळते तेव्हा पलीकडच्या, म्हणजे बुडाच्या काठावर असावं.

सेचेनी स्नानगृहात गरम पाण्यात बसून म्हातारे बुद्धिबळ खेळतात हे खरं आहे. चारचौघांत पोहण्याच्या कपड्यांत वावरायला मला पहिली पाचेक मिनिटं जड गेलं. मग पाहिलं की कुणीच कुणाकडे पाहत नाही.

पैशांचं एक: चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट, ऑस्ट्रियात युरो. कार्ड चालतं. मशीनने "रुपयांत घेऊ का?" विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या, रुपयांत दिलं की दर त्यांचा लागतो.

आता ओळखीतली जोडपी आमचाच नकाशा मागतात. त्यांना मी आधी महिना विचारते. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचा ऑपेरा बंद असतो. डिसेंबरमध्ये ख्रिसमसचे बाजार सुंदर, पण चारच्या सुमाराला अंधार, म्हणजे संध्याकाळ चहालाच येते आणि थंडीत नदीकाठी कोणी बसत नाही. तेव्हा जायचं असेल तर संग्रहालयांची शहरं घ्या, पॅरिस घ्या, आणि दुसरं काही घेऊ नका.