गुऱ्हाळ बघायला जाताय? आधी चिपाडं हातात घ्या

कोल्हापूरजवळच्या करवीर-पन्हाळा भागातली गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात. जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. ऊस पक्व असतो आणि चिपाडं, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, लवकर वाळतात. पहाटेच पोचा. एका आधणाला, म्हणजे रसाच्या एका कढईला, अडीच-तीन तास लागतात, आणि मळी, म्हणजे रसावर येणारी घाण, काढायची वेळ चुकली तर खरं कसब बघायचं राहून जातं.

काहिलीकडे, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईकडे, धावण्याआधी चिपाडांचा ढीग बघा. घाण्यातून निघालेलं चिपाड दोन-तीन दिवस उन्हात वाळलं की चुलवाणाला, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीला, तेच जळण पुरतं, लाकूड आणावं लागत नाही. हातात घेतल्यावर कडकन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर ओलं आहे: धूर होतो, आच मंदावते, रस जास्त वेळ उकळत राहतो आणि गूळ काळपट होतो. जळव्या, म्हणजे जाळ घालणारा, मूठमूठ चिपाड एकसारखं का सारत असतो, हे इथे कळतं. राख शेतात जाते, मळी खताच्या खड्ड्यात.

रस तापू लागला की ठेचलेल्या रानभेंडीचा चीक पडतो, हजार लिटरला साधारण 2 किलो भेंडी. उकळी फुटण्याआधीच घाण चिकाला धरून वर येते आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, ती झाऱ्याने काढतो. उकळी फुटल्यावर मात्र मळी रसातच मिसळते. चुन्याची निवळी आंबटपणा मारण्यापुरतीच हवी. जास्त झाली की रंग गडद होतो.

साधारण 105 अंश सेल्सिअसला काकवी, म्हणजे पातळ गूळ, 118 च्या आसपास घट्ट गूळ. गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. थेंब गार पाण्यात टाकून टणक गोळी झाली की काहील उतरते, पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, ओततात. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला असेल तर त्यातली साखर फुटते आणि कितीही आटवलं तरी ढेप मऊच राहते.

लहान मुलांना काहिलीपासून लांब ठेवा, अंगात सुती कपडे असू द्यात. गरम काकवीसाठी स्टीलचा डबा न्या, प्लॅस्टिकची बाटली नको. फार पिवळाधमक गूळ दिसला तर हायड्रोस, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, घातलंय का, सरळ विचारा; बिनरसायनाचा गूळ तांबूस असतो. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी सुटतं.