काळ्या पट्ट्या

भूप राग शिकवायला घेतला की कोणीतरी म्हणतंच, ‘ताई, हे चायनीज वाटतंय.’ बाकीचे फिदीफिदी हसतात. पण म्हणणाऱ्याचा कान चोख असतो. पेटीवर काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या की भूपाचे सूर मिळतात, आणि चीनमधल्या कितीतरी जुन्या चाली, स्कॉटलंडची बरीच लोकगीतं याच पाच सुरांत फिरतात. पट्ट्या त्याच ठेवून सा काळी एकला नेला की दुर्गा, काळी पाचला नेला की थेट मालकंस. हे एकदा कळलं की पार्ल्यातल्या माझ्या क्लासची पोरं पेटी सोडत नाहीत. दारात चपलांच्या ढिगाशी उभे असलेले पालक घड्याळ बघत राहतात. एका आईंनी विचारलंच, ‘हे प्रवेशिकेच्या परीक्षेला येतं का?’ नाही येत.

पेटी तरी कुठे इथली! हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतलं गेलं. पायाने भाता मारायचं ते वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून वाजवण्याजोगं केलं. पुढे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दारातही उभं केलं नाही, आणि तरी भजनी मंडळातून ती हलली नाही.

तालाचंही तसंच. ग्रीसमध्ये गोल धरून नाचायचा कलामातियानोस नावाचा नाच आहे. सात मात्रा, विभागणी तीन-दोन-दोन. म्हणजे आपला रूपक तालच की! रेकॉर्डिंग लावलं आणि पोरांनी ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’ म्हणत टाळ्या धरल्या. दुसऱ्याच आवर्तनात तबल्यावरचा मुलगा कुरकुरला, ‘ताई, हे समेवर पाय आपटतायत.’ बरोबर आहे. आपल्या रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असते, तिथे टाळी न देता हात हवेत जातो. ग्रीक माणसाचा भार नेमका तिथेच पडतो. मात्रा त्याच, पण अंगात उतरतात ते वेगळ्या वाटेने. मग आम्ही गाद्या गुंडाळून चक्क नाचून बघितलं. खालच्या मजल्यावरून निरोप आला.

‘संगीताला सीमा नसतात’ हे वाक्य निवेदकांच्या तोंडी फार असतं. मला ते आवडत नाही. सगळीकडे आपलंच सापडलं म्हणून खूश होणं म्हणजे परदेशात जाऊन पोहे शोधण्यासारखं. भूप नि रूपक मी मुलांना आत शिरायला देते, पण खरी मजा पेटी हात टेकते तिथून सुरू होते.

बालीचा गामेलान, म्हणजे तिथला वाद्यवृंद, लावला त्या शनिवारी तिने हात टेकले. पोरं एकेक पट्टी दाबून बघत होती, एकही सूर बसेना. बसणार कसा? तिथे वाद्यांचा प्रत्येक संच आपल्यापुरता जुळवलेला असतो. एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात ठेवलं तर जमत नाही. त्यातून काशाच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीने असतात, आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं ठेवतात. दोन्ही एकदम वाजली की आवाज थरथरत राहतो. ती थरथर नसेल तर बालीच्या माणसाला वाद्य निर्जीव वाटतं.

मुलांना हे पटवायला मी तंबोरा घेतला. एकाच सुराला लावायच्या जोडीच्या दोन तारांपैकी एकीचा, सूर बारीक जुळवायचा मणी केसभर सरकवला. लगेच आवाज वांव-वांव असा हेलकावे खायला लागला. हाच हेलकावा घालवायला आम्ही दर वेळी तासाची पहिली दहा मिनिटं खर्ची घालतो. वरून विमान गेलं (पार्ल्यात ते जातंच), तेवढं थांबलो आणि पुन्हा ऐकलं. ‘म्हणजे तिथे बेसूर लावावं लागतं?’ एकीने विचारलं. बेसूर नव्हे, म्हटलं. किती सरकवायचं हे तिथल्या कारागिराच्या कानात इतकं पक्कं असतं, की जरा कमीजास्त झालं तरी तो पट्टी पुन्हा घासायला घेतो. आपण मणी खालीवर करतो ना, तितक्याच चिकाटीने.

याचा परिणाम व्हायचा तो झालाच. परवा तंबोरा जुळवायला सांगून मी हजेरी घेत होते. आवाज ऐकला आणि मान वर केली.

‘अरे, जोड कुठे मिळालीय?’

‘मिळालीय ताई. बालीची मिळालीय.’